कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बांधून उडवण्याच्या संगणक खेळात मुनवर (कर्बिन या ग्रहाच्या चंद्रावर) उतरता येते, पण परतीसाठी इंधन उरत नाही. मोठे रॉकेट बांधावे की ऑटोपायलटचा मॉड (यान आपोआप उडवणारी जोडणी) वापरावा?

दोन्ही नको. ज्या अर्थी तुमचे यान मुनवर अलगद उतरते, त्या अर्थी रॉकेट पुरेसे मोठे आहे आणि उड्डाणावर तुमचा हातही बसलेला आहे. मोहीम मात्र तुम्ही प्रक्षेपणमंचापासून पुढे आखत आहात, आणि ती आखायची असते परतीपासून मागे. याच मुद्द्यावरून एका जवळच्या मित्राशी माझा वाद अनेक वर्षे चालू आहे, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी तुमच्या यानाविषयी. मुनच्या पृष्ठभागावरून त्याच्या खालच्या कक्षेत जाण्यासाठी सुमारे ५८० आणि तिथून कर्बिनकडे निघण्यासाठी सुमारे ३०० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे परतीला एकूण नऊशेच्या आतच डेल्टा-व्ही (वेगात करावा लागणारा बदल) लागतो. टेरियर इंजिनाचा निर्वातातील आयएसपी (इंधन वापरण्याची कार्यक्षमता) ३४५ सेकंद आहे. त्सिओल्कोव्हस्कीच्या रॉकेट सूत्रानुसार, इंधन संपल्यावर तीन टन भरणाऱ्या यानाला एक टन इंधनात सुमारे ९७० मीटर प्रतिसेकंद मिळतात. एक टन इंधन म्हणजे एफएल-टी२०० ही एकच टाकी. मुनवर पाय टेकताना ती भरलेली असली पाहिजे, आणि त्यानंतर हे चार टन म्हणजे उतरणाऱ्या टप्प्यावरचे ओझे असे धरून खालचा हिशेब करायचा. आकडा कमी पडला तर खाली टाक्या जोडण्याआधी वरचे वजन काढा, कारण वरचा प्रत्येक किलो खालच्या सगळ्या टप्प्यांना वाहावा लागतो.

उतरताना इंधन कुठे जाते, तेही पाहा. मुनवर गुरुत्व १.६३ मीटर प्रतिसेकंदवर्ग आहे, म्हणजे जागा शोधत एक मिनिट तरंगत राहिलात तर जवळजवळ शंभर मीटर प्रतिसेकंद नुसते वाया जातात. परतताना मुनच्या प्रवासाच्या उलट दिशेने बाहेर पडा आणि कर्बिनभोवतीचा पेरिॲप्सिस (मार्गातला सर्वांत जवळचा बिंदू) तीस किलोमीटरच्या आसपास ठेवा. उरलेला वेग वातावरण उतरवते, त्यासाठी इंधन लागत नाही.

आता तो वाद. मित्राचे म्हणणे असे की या खेळात कागद-पेन आणणे म्हणजे खेळाची हिशेबवही करणे होय. यान उडवावे, फुटले तर आणखी बूस्टर (जोर वाढवणारी जादा रॉकेटे) जोडावेत, आणि क्विकसेव्ह (हवे तेव्हा खेळ जतन करण्याची सोय) असताना आधी विचार करण्याची गरजच नाही. मी डूनाची (खेळातल्या मंगळासारख्या ग्रहाची) पहिली मोहीम आखत होतो, तेव्हा तो शेजारी बसून हेच सांगत होता. मी सुरुवात शेवटापासून केली. डूनाच्या खालच्या कक्षेतून कर्बिनकडे परतायला सुमारे ६०० मीटर प्रतिसेकंद पुरतात, म्हणून तेवढे इंधन आणि परतीची कुपी (अंतराळवीरांची कॅप्सूल) असलेले मुख्य यान मी कक्षेतच ठेवायचे ठरवले. लँडरला (पृष्ठभागावर उतरणाऱ्या छोट्या यानाला) फक्त उतरून पुन्हा कक्षेपर्यंत यायचे होते, ज्याला सुमारे १,४५० लागतात. डूनाचे वातावरण विरळ असल्यामुळे पॅराशूट उतरण्याचा बराच भार उचलतात, पण शेवटच्या काही मीटरांत इंजिन लावावेच लागते. डूना कर्बिनच्या सुमारे ४४ अंश पुढे असताना निघायचे आणि परतताना कर्बिन डूनाच्या सुमारे ७५ अंश मागे येईपर्यंत थांबायचे, हेही आधीच लिहून ठेवले. ‘एवढ्याने होणार नाही, मोठा लँडरच थेट परत आण,’ असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. लँडर वर येऊन मुख्य यानाला जोडला गेला, म्हणजे डॉकिंग झाले, मी दोन्ही अंतराळवीरांना त्यातून कुपीत हलवले आणि लँडर सोडून दिला. कर्बिनच्या वातावरणात शिरताना टाकीत उरलेले इंधन कागदावरच्या आकड्याशी जुळले, आणि त्या क्षणी झालेला आनंद मला कोणत्याही स्फोटाने दिलेला नाही. मित्र त्याला नशीब म्हणाला. नशिबाने डॉकिंग होत नाही.

हाच वाद खऱ्या अवकाशयुगातही झाला होता. चंद्राच्या कक्षेत मुख्य यान ठेवून छोटे यान खाली पाठवावे, हा मार्ग नासाच्या जॉन हूबोल्ट यांनी वरिष्ठांचा क्रम ओलांडून, १९६१ मध्ये थेट पत्र लिहून लावून धरला, आणि १९६२ मध्ये नासाने तोच स्वीकारला. थेट उतरून परतण्यासाठी चंद्रमोहिमांच्या सॅटर्न ५ रॉकेटपेक्षाही मोठे रॉकेट लागले असते. ‘आणखी बूस्टर जोड’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. गणिताने खेळ कोरडा होतो, हे मला मुळीच मान्य नाही. आपण निवडलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून इंजिन बंद करणे हाच या खेळाचा गाभा आहे.

ऑटोपायलटविषयी माझे मत कठोर आहे: पहिली मुन मोहीम मेकजेब या ऑटोपायलट मॉडकडून उडवून घेतली, तर पुढची आखताना काय बदलायचे ते तुम्हाला कळणार नाही. मात्र तेच डॉकिंग वारंवार करावे लागत असेल, किंवा हाताच्या त्रासामुळे बारीक नियंत्रण अवघड जात असेल, तर तो अवश्य वापरा. शिवाय मुनसाठी कक्षेत वेगळे यान ठेवण्याची गरज सहसा नसते. तुमच्यासारख्या छोट्या यानाला थेट परतणेच सोपे पडते, त्यामुळे डूनाचा आराखडा इथे जशाचा तसा लावू नका. वरचे सगळे आकडे खेळाच्या मूळ ग्रहमालेचे आहेत. ग्रहांचे आकार बदलणारा मॉड लावलेला असेल, तर क्रम हाच ठेवून हिशेब त्या मालेच्या आकड्यांनी पुन्हा करा.