तीन महिने घशात कफ उतरतोय. ही सर्दीच आहे की पोस्ट नेझल ड्रिप?

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहात, तीन महिन्यांपासून घशात सारखा कफ उतरतो, सकाळी बराच वेळ खाकरावं लागतं आणि दर आठवड्याला सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणता. मी डॉक्टर नाही. सोलापुरातच मेडिकलच्या काउंटरवर असतो, त्यामुळे असं गिऱ्हाईक रोज बघतो. तीन महिने एकच सर्दी टिकत नाही. तुमचं दुखणं दुसरं आहे.

सर्दी विषाणूची असते आणि तिची चाल ठरलेली असते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, पाण्यासारखं नाक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, थोडी कणकण, आणि ७ ते १० दिवसांत माणूस ठीक. खोकला मागे दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढंच. शिवाय घरात एकाला झाली की दुसऱ्याला होते. तुमच्या घरी बाकी सगळे ठणठणीत असतील तर तोही पुरावाच समजा. शेंबडाच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. साध्या सर्दीतही तो पिवळा-हिरवा होतो. रंग सांगून अँटिबायोटिक मागणाऱ्यांशी माझा रोज वाद होतो.

घशात कफ उतरणं, म्हणजेच पोस्ट नेझल ड्रिप, हा स्वतंत्र आजार नाही, लक्षण आहे. नाक-घशात दिवसाला लिटरभर तरी पातळ स्राव तयार होतो आणि आपण तो नकळत गिळतो. तो वाढला किंवा घट्ट झाला की जाणवायला लागतो, आडवं झालं की ढास लागते. खरा प्रश्न, तो कशाने वाढला?

तुमच्या बाबतीत पहिला संशय सुताच्या धुळीवर. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? टाळूला, डोळ्यांना खाज येते का? गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या धुळीत फिरून आल्यावर वाढलं होतं का? हो असेल तर अॅलर्जी. चेहरा जड, वास कमी येतो, कफ घट्ट आणि घाण वासाचा, तर सायनस. नाक मोकळं आहे, पण सकाळी आवाज बसलेला आणि तोंड आंबट, तर पोटातलं आम्ल वर येत असेल. दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा शेंगाचटणी-भाकरी खाऊन लगेच आडवं होणाऱ्यांत हे मी फार बघतो, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं नाकाचंच औषध मागतात. नाक मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घालत असाल तर बंद करा, त्यांनीच नाक पुन्हा चोंदतं.

ती सर्दीची गोळी सोडा. तिच्यात बहुतेक वेळा झोप आणणारं औषध असतं, आणि चालू मागापुढे डुलकी परवडत नाही. कफही त्याने सुकून चिकट होतो. मीठपाण्याने नाक धुतलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. पाणी उकळून थंड केलेलंच हवं, नळाचं तसंच नको. आपल्याकडे तर ते कितीतरी दिवस साठवलेलं असतं. कारखान्यात मास्क लावा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला तर दोन दिवसांत फरक नाही म्हणून टाकून देऊ नका, त्याला एक-दोन आठवडे लागतात.

एक वेगळी गोष्ट. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होत असेल, तर ते नाकाचं नाही. कापसाच्या धुळीने फुफ्फुसाला तसा त्रास होतो, डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगा. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेलेलाच आहे, तेव्हा सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. टीबीची ही तपासणी मोफत होते. कफात रक्त, एकाच नाकपुडीतून वाहणं, ताप, दम किंवा वजन उतरणं यातलं काहीही असेल तर उद्याच जा.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, बीपीचीसुद्धा. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. पण ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील.