सुरीच्या पात्याचं पोलाद कोणतं, हे कसं तपासायचं?

आधी एक स्पष्ट सांगतो: घरबसल्या पोलादाचा नेमका ग्रेड (प्रकार) कळत नाही. कार्बन पोलाद की स्टेनलेस, एवढं कळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरे.

लोहचुंबक बाजूला ठेवा. ‘चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही’ हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज. स्वयंपाकघरातल्या स्टेनलेसच्या बऱ्याच भांड्यांना चुंबक चिकटत नाही हे खरं, पण ४२० किंवा ४४०सी या ग्रेडच्या, सुऱ्यांच्या स्टेनलेसला ते चांगलंच चिकटतं.

त्यापेक्षा हे करा:

- पातं साबणाने धुऊन, कोरडं करून लिंबाच्या रसाचा थेंब दहा-पंधरा मिनिटं ठेवा. करडा-काळा डाग पडला तर कार्बन पोलाद. पात्यावर लाखेचा किंवा रंगाचा थर असेल तर मात्र फसाल.
- ग्राइंडरवर ठिणग्या बघा. जास्त कार्बन असेल तर त्या फुलबाजीसारख्या फुटतात. स्टेनलेसच्या कमी आणि आखूड. ओळखीच्या पोलादाचा तुकडा शेजारी घासून तुलना करा. चष्मा हवाच. आणि घासायचं ते मुठीत जाणाऱ्या शेपटीवर, धारेवर कधीच नाही: पातळ धार तापून निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.

कानस फक्त कडकपणा सांगते, ग्रेड नाही. पात्यावरच्या शिक्क्यावर आणि ‘दमास्कस’च्या (थरांच्या पोलादाच्या) लहरींसारख्या नक्षीवर विसंबू नका, नक्षी वरवर कोरलेलीही असते.

ग्रेड हवाच असेल तर धातूंच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रो (कोणते घटक किती, हे मोजणारी तपासणी) करून घ्या. हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक ओळखणारं) यंत्र क्रोमियम दाखवतं, पण कार्बन मोजत नाही.