कामगारांच्या खोलीवर पहिल्यांदा जाताना

शिरोलीच्या फाउंड्रीतल्या नाहीतर इचलकरंजीच्या मागावरच्या परप्रांतीय पोरांशी गुप्तरोग आणि एचआयव्हीबद्दल बोलताना सुरुवात 'एड्स'ने करू नको, खोली गप्प होते. त्यांची खरी काळजी बहुतेकदा 'धात जाते' ही असते. हसू नको. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्यानं अशक्तपणा येत नाही, हे आधी सांग. मग ती आपणहून बोलायला लागतात.

निरोध लाकडी मॉडेलवर घालूनच दाखव. तारीख बघायची, टोक चिमटून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा. खोबरेल तेलानं लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं, आणि तेलाची बाटली तर प्रत्येक खोलीत असतेच! एकावर एक दोन घातले तरी घासून फाटतात.

लिंगावर जखम झाली की मेडिकलमधून चार गोळ्या घेऊन विषय संपवतात. पण जखम आपोआप सुकली तरी गर्मी, म्हणजे सिफिलिस, अंगात राहते. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला लाव, जोडीदारासकट. एचआयव्हीची तपासणी तिथं मोफत होते, मात्र धोक्यानंतर लगेच आलेला निगेटिव्ह पक्का धरू नको, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. शंकेसाठी 1097 हा मोफत नंबर दे.

आणि मुकादमानं कुणाचा रिपोर्ट विचारला तर तोंड बंद. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, संमतीशिवाय सांगता येत नाही.