तिसरं सिझर: आधी वार कुठे आहे ते पाहू

प्रश्न : मॅडम, माझं वय २६. मला दोन मुली, दोन्ही सिझरच्या. पहिलीच्या वेळी बाळानं पोटात शी केली म्हणून रात्री घाईघाईत सिझर केलं. दुसरीच्या वेळी ‘आधीचं सिझर आहे ना, मग हेही सिझरच’ म्हणाले. धाकटी आता चौदा महिन्यांची आहे आणि मला पुन्हा दिवस गेले. आशाताईंनी किटवर पाहिलं, तीन महिने होत आले. सोनोग्राफी अजून केली नाही. सासूबाई म्हणतात, “एक पोट्टं होऊ दे, मंग बंद कर.” मिस्टर काहीच बोलत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या सिझरला जिवाला धोका आहे. पण माझ्या माहेरी एकीचे चार सिझर झाले, ती आज वावरात निंदण करते. खरं काय समजायचं? आमचं गाव रस्त्यापासून आत आहे. आता पोळ्यापर्यंत नाल्याला पूर होता.
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : डॉक्टर म्हणाले तेही खरं आणि माहेरच्या त्या बाईचंही खरं. बहुतेक बायका तिसऱ्या सिझरनंतर बाळ घेऊन सुखरूप घरी जातात. पण धोका आहे म्हणजे नेमका कशात आहे, हे तुम्हाला कोणी बसवून सांगितलेलं दिसत नाही. मोठा धोका वारेचा, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाचा आहे.

सिझर करताना गर्भपिशवीच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. तो भरून येतो, पण तिथे व्रण राहतो. पुढच्या वेळी वार पिशवीच्या वरच्या भागात बसली तर त्या व्रणाशी तिचा संबंध येत नाही. ती खाली, थेट व्रणावर बसली, तर पिंपळाचं मूळ विहिरीच्या चिऱ्यांत शिरावं तशी आत शिरते. कधी कधी पिशवी ओलांडून मूत्राशयापर्यंत जाते. एरवी बाळ बाहेर आल्यावर वार थोड्या वेळात आपोआप सुटते. ही सुटत नाही. ओढायला जावं तर रक्ताची धार लागते, आणि मग बाईला वाचवण्यासाठी पिशवीच काढावी लागते.

अमेरिकेतल्या ३० हजारांवर सिझरवाल्या बायकांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आम्ही डॉक्टर आजही त्याचे आकडे धरून बोलतो. वार पिशवीच्या तोंडावर बसलेली असेल, तर ती अशी रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरला शंभरात ३, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४० निघालं. आणि वार तोंडावर नसेल तर? तिसऱ्याच सिझरला हजारात एखादी. फरक बघा केवढा आहे! सगळ्या बायका मिळून धरल्या तर पिशवी काढावी लागण्याचं प्रमाण तिसऱ्या सिझरला शंभरात एकीहून जरा कमी, चौथ्याला अडीचच्या आसपास आणि सहाव्याला ९. तुमच्या माहेरच्या त्या बाईची वार चारही वेळा वरच बसली असणार. तिचं नशीब चांगलं, पण ते नशीब तुम्हाला उसनं मिळत नाही.

म्हणून आता सोनोग्राफी. याच आठवड्यात करा, दिवाळीपर्यंत थांबू नका. जुन्या सिझरच्या टाक्यावरच गर्भ रुजण्याचा एक प्रकार असतो. साधारण २००० गर्भारपणांत एखादा, पण असला तर लवकर कळणं फार गरजेचं, कारण तो वाढू देता येत नाही.

दुसरी सोनोग्राफी पाचव्या महिन्यात, १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान. तुमच्या हिशेबानं ती दिवाळीच्या आगेमागे येते, म्हणजे नेमकी कापसाच्या वेचणीत. मला माहीत आहे, त्या दिवसांत घरातून एक माणूस हलवणं किती जड जातं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांची हीच सोनोग्राफी हमखास चुकते, आणि सगळ्यांत जास्त कामाची तीच. तिथे मुलगा की मुलगी विचारायचं नाही (१९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे). विचारायचं ते हे : वार पुढच्या भिंतीला आहे का, आणि तोंडापासून किती लांब आहे? रिपोर्टवर ‘अँटेरियर’ (पुढच्या भिंतीला) आणि ‘लो लाइंग’ (खाली बसलेली) हे दोन्ही शब्द एकत्र दिसले तर कागद घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. घाबरून जाऊ नका. पिशवी वाढते तशी खालची वार बरेचदा वर सरकते. ३२ आठवड्यांना, म्हणजे जानेवारीच्या शेवटी, पुन्हा पाहायचं.

तेव्हाही ती खाली, जुन्या टाक्यावरच असेल, तर तालुक्याला बाळंत व्हायचं नाही. कोणी कितीही ‘मी करतो, काळजी करू नका’ म्हणालं तरी नाही. माझ्या स्वतःच्या दवाखान्यातही मी अशी बाई घेत नाही. हाताला कौशल्य असून इथे भागत नाही. भरपूर रक्त, दुसरा सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयू हे सगळं एका छताखाली लागतं. ग्रामीण भागात रक्तसाठवण केंद्र असलं तरी तिथे मोजक्याच पिशव्या असतात, आणि अशा बाईला त्या कुठल्या कुठे संपतात. यवतमाळचं मेडिकल, सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल, यांपैकी एक ठिकाण आधीच ठरवून तिथे नाव नोंदवा. अशा वेळी सिझर ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात. त्याआधी थोडे दिवस रुग्णालयाजवळच राहायला जा. पैशांची काळजी वाटत असेल तर सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आशाताईंना हे माहीत असतं, तरी तुम्ही विचारा.

वार वर असेल तर ३९ आठवडे भरल्यावर जिल्ह्याच्या किंवा रक्ताची सोय असलेल्या उपजिल्हा रुग्णालयात सिझर व्हावं. त्याआधीच कळा सुरू झाल्या तर ‘सकाळपर्यंत पाहू’ करायचं नाही. लगेच १०८ ला फोन करा. दोन टाक्यांच्या पिशवीला कळा सोसवतीलच असं नसतं. मागे एका बाईचं तिसरं सिझर करताना पोट उघडलं, तर आधी मूत्राशयच वर ओढून पिशवीला चिकटलेलं. ते सोडवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादं पहिलं सिझर आटोपलं असतं. आणि खाली पाहते तर पिशवीची भिंत इतकी पातळ, की आत बाळाचे काळे केस पाण्यात हलताना दिसत होते. त्या बाईला कळा सुरू झालेल्या नव्हत्या. दुखायलाही काही लागलेलं नव्हतं. म्हणजे ‘टाका दुखत नाही, मग सगळं ठीक’ या हिशेबावर राहू नका. आणि टाक्याच्या जागी दुखू लागलं, अंगावरून थेंबभर जरी रक्त गेलं किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रक्ताचं पुढे ढकलू नका. हिमोग्लोबिन आत्ताच तपासा. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. आधीच्या दोन वेळी ती तपासणी झाली नसेल तर या वेळी करून घ्या. लोहाची लाल गोळी रोज घ्या, पण चहासोबत नको. गोळी सोसत नसेल तर सांगा, शिरेतून देता येतं. रक्त भरून ठेवलेल्या बाईला ऑपरेशनमधला रक्तस्राव झेपतो, आधीच पांढरी पडलेलीला नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते, तिथे हे सगळं होतं.

आधीच्या दोन्ही सिझरचे कागद शोधा. घरात नसतील तर त्या-त्या दवाखान्यातून मागून घ्या. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून पिशवीवरचाही आडवाच असेल असं नाही. पिशवीवर उभा छेद असेल तर कळा येण्याआधीच, लवकरची तारीख ठरवावी लागते.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्रात ती आहे. तुम्हाला हे मूल हवंय का? पत्रात सासूबाईंचं मत आहे, मिस्टरांचं गप्प राहणं आहे, तुमचं स्वतःचं कुठे दिसलं नाही. नको असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं कायदेशीर गर्भपात होतो. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. फक्त औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नका. दोन सिझरच्या पिशवीत गर्भ कुठे आहे हे न पाहता त्या गोळ्या घेणं म्हणजे आ बैल मुझे मार. हवं असेल तर वर लिहिलं आहे तसं करा, आनंदानं करा. दोन बाळंतपणांत अंतर कमी पडलं, ते आता मागे नेता येत नाही. त्यासाठी स्वतःला बोल लावू नका.

आणि सासूबाईंना माझा निरोप द्या : मुलगा होणार की मुलगी हे त्यांच्या लेकाच्या बीजावरून ठरतं, सुनेच्या नव्हे. तिसरीही मुलगी झाली तर चौथं सिझर मागणार का, हे त्यांना आत्ताच विचारून ठेवा. तिसऱ्या सिझरच्या वेळीच नळ्या बांधता येतात, पण तो निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर कोणी विचारतं म्हणून घ्यायचा नसतो, आधी शांतपणे घ्यायचा. त्याहून सोपी पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी. काही मिनिटांचं काम, पोट उघडायचं नाही. तुमचं पोट दोनदा उघडून झालंय, हे मिस्टरांना सांगून बघा. निदान काही बोलतील तरी.

प्रश्न : माझ्या लेकीचं पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं. तीन वर्षांनी आता दुसरेपण आहे. बाळ सरळ असेल तर नॉर्मल होईल का? की एकदा सिझर म्हणजे कायम सिझर?
— एक आई, जि. वाशीम

उत्तर : ‘कायम सिझर’ असा नियम नाही. पहिल्या वेळी पायाळू असणं हे त्याच वेळचं कारण होतं, ते दर वेळी येत नाही. एकच आडवा छेद, मध्ये पुरेसं अंतर, वार वर आणि बाळाचं डोकं खाली, असं असेल तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ६० ते ८० बायकांचं नॉर्मल होतं. जुना टाका कळांमध्ये उसवण्याची शक्यता साधारण २०० त एक. ती कमी वाटली तरी उसवला तर बाळाला मिनिटांत बाहेर काढावं लागतं. म्हणून हा प्रयत्न घरी नको, प्राथमिक आरोग्य केंद्रातही नको. जिथे ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ रात्रीही मिळतात तिथेच. कळा वाढवायचं इंजेक्शन कोणी गावातच टोचायला निघालं तर हात धरा. नॉर्मल होऊ द्यायचं एक कारण तर वरच्या पत्रातच आहे : दुसरं सिझर टळलं तर तिसऱ्या वेळी दोन टाक्यांची भीती राहत नाही.

प्रश्न : सुनेचं दुसरं सिझर आहे. गुरुजींनी काढलेला मुहूर्त ३७ व्या आठवड्यात येतो. डॉक्टर नाही म्हणतात. पैसे वाढवून दिले तर करतील का?
— एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर : करणारे भेटतील, पण तुम्ही शोधू नका. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, आणि मग मुहूर्तावर जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते. ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरची तारीख गुरुजींना मागा. देतात.