‘एआयने चित्र काढलं’ : यातला ‘ने’ कोणता?

प्रश्न असा आला आहे. एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ एआय वापरून तयार झालं आहे आणि श्रेयनामावलीत ‘मुखपृष्ठ : एआयने काढलेले चित्र’ असं जायचं आहे. एक संपादक म्हणतात, ‘काढलेले’ खोडा, ‘बनवलेले’ लिहा. चित्र काढायला माणूस लागतो. दुसरे म्हणतात, ‘एआयनिर्मित कलाकृती’ लिहा, भारदस्त दिसतं. तिसऱ्यांना ‘कलाकृती’ हाच शब्द मान्य नाही, कारण यंत्राची ती कला खरी कला नव्हे. बरोबर काय?

तिघंही क्रियापदाशी आणि नामाशी झगडताहेत. गोम आहे ती मधल्या ‘ने’मध्ये.

‘रमेशने चित्र काढलं’ आणि ‘कुंचल्याने चित्र काढलं’ या दोन वाक्यांत ‘ने’ दिसायला एकच आहे, पण पहिला कर्त्याचा आणि दुसरा करणाचा, म्हणजे साधनाचा. ही सोय संस्कृतातून आलेली आहे. पाणिनीने दोघांना एकाच सूत्रात बसवलं : ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ (२.३.१८). विभक्ती एक, तृतीया; नाती दोन. कर्ता कोण, तर ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४), जो त्या क्रियेत स्वतंत्र आहे तो. करण कोणतं, तर ‘साधकतमं करणम्’ (१.४.४२), क्रिया सिद्धीस नेण्यात ज्याचा उपयोग सर्वांत जास्त ते. मग ‘एआयने चित्र काढलं’ या वाक्यात एआय रमेशच्या रांगेत बसतं की कुंचल्याच्या?

मराठीत हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. वाक्य वर्तमानकाळात आणायचं. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागतो तो मुख्यतः सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात. वर्तमानकाळात तो गळतो. साधनाचा ‘ने’ मात्र कोणत्याही काळात टिकतो. ‘रमेश चित्र काढतो’, पण ‘कुंचल्याने चित्र काढतात’. आता एआय घ्या. ‘एआय चित्र काढतं’ असंही लोक बोलतात आणि ‘एआयने चित्रं काढतात हल्ली’ असंही. भूतकाळात झाकलेली संदिग्धता वर्तमानकाळात उघडी पडते : बोलणाऱ्यांचंच अजून ठरलेलं नाही.

या युक्तीवर लगेच निकाल देऊ नये, कारण तिला एक छिद्र आहे. ‘हे पेन छान लिहितं’, ‘सुरी चांगली कापते’, ‘हा मोबाइल रात्रीसुद्धा मस्त फोटो काढतो’ ही वाक्यं कानाला खटकत नाहीत, आणि तरी पेनाला कोणी लेखक म्हणत नाही. संस्कृत वैयाकरणांनाही हे ठाऊक होतं. ‘स्थाली पचति’, म्हणजे पातेलं शिजवतं, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. ‘विवक्षातः कारकाणि भवन्ति’ : कोणाला कर्त्याच्या जागी बसवायचं ते बोलणारा ठरवतो. अशी वाक्यं वस्तूचा गुण सांगतात, एखादी घडलेली घटना सांगत नाहीत. ‘या पेनने काल पत्र लिहिलं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी?

दुसरी परीक्षा अधिक कडक आहे, ‘कडून’ची. ‘कुंचल्याकडून चित्र काढून घेतलं’ असं कोणी म्हणत नाही. ‘कॅमेऱ्याकडून फोटो काढून घेतला’ हेही नाही. पण ‘एआयकडून चित्र काढून घेतलं’ हे वाक्य सहज चालतं, ‘शेजारच्या मुलाकडून रांगोळी काढून घेतली’ याच्या इतकंच सहज. हा योगायोग नाही. कुंचल्याचा प्रत्येक फटकारा हाताने ठरतो. कॅमेरा कुठे रोखायचा आणि कळ कधी दाबायची हे डोळ्याने ठरतं. एआयला मात्र आपण ‘घाटातल्या पावसात उभी एसटी, संध्याकाळ, जलरंग’ इतकंच सांगतो. खिडक्या किती, धुकं कुठून उतरतं, दिव्याचा पिवळा कुठला, हे न सांगता ठरून येतं. न सांगितलेलं ज्याच्यावर सोडावं लागतं, त्याला मराठी ‘कडून’ लावते.

हे ठरतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. सध्याच्या बऱ्याच चित्रप्रणालींची सुरुवात यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून होते, बिनसिग्नलच्या जुन्या टीव्हीवर दिसायचा तसा. मग अनेक पायऱ्यांत, आपल्या शब्दांच्या रोखाने, तो गोंधळ थोडाथोडा कमी केला जातो. सुरुवातीचा गोंधळ एका आकड्यावरून तयार होतो. तोच आकडा, तेच शब्द, तीच प्रणाली आणि त्याच सेटिंग ठेवल्या तर जवळजवळ तेच चित्र परत येतं. आकडा बदलला की एसटी दुसऱ्याच वळणावर उभी. म्हणजे जे ‘सुचलं’ असं वाटतं, त्यातला एक वाटा शिकवलेल्या कोट्यवधी चित्रांचा आणि एक वाटा त्या आकड्याचा. यात स्वतंत्र कोण? यंत्र नाही, कारण एसटीच का हवी हे त्याला पडलेलं नाही. पण ते निव्वळ कुंचलाही नाही.

या मधल्या जागेला व्याकरणात नाव आहे. दुसऱ्याकडून क्रिया करवणारा तो प्रयोजक, आणि ज्याच्याकडून करवली जाते तो प्रयोज्य. पाणिनीने ‘स्वतन्त्रः कर्ता’च्या लगेच पुढे ‘तत्प्रयोजको हेतुश्च’ (१.४.५५) असं म्हटलं आहे : कर्त्याला कामाला लावणारा तो हेतू, आणि तोही कर्ताच. म्हणून ‘सीमाने एआयकडून चित्र काढून घेतलं’ हे आजच्या घडीला सर्वांत काटेकोर मराठी वाक्य आहे. दोघांच्या जागा त्यात स्पष्ट आहेत.

गंमत म्हणजे हा पेच दगडावर कोरून सोडवलेला आपल्याकडे रायगडावर आहे. ‘सिंधुदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधला’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. त्या ‘नी’मध्ये ‘बांधवला’ दडलेलं असतं. पण जगदीश्वराच्या देवळातला संस्कृत शिलालेख असं मोघम बोलत नाही. शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या १६७४ सालचा तो लेख सांगतो की हा प्रासाद श्रीमच्छत्रपती शिवनृपतींच्या ‘अनुज्ञया’ आणि ‘हीराजिना निर्मितः’. दोन्ही तृतीया! आज्ञेने एकाच्या, निर्मिलेला दुसऱ्याने. शिवाय पायरीवर वेगळं मराठीत, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’. पुढचं आडनाव इंदुलकर वाचायचं की इटळकर, हा वाद वेगळा. एआयला आपण शब्दांत देतो त्या सूचनेला, म्हणजे प्रॉम्प्टला, मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी ‘अनुज्ञा’ जरूर आठवावा. वापरात येणार नाही, लोक प्रॉम्प्टच म्हणणार, पण प्रॉम्प्टची किंमत त्यातून कळते : आज्ञा देणं मोठं काम असू शकतं, पण ते निर्मितीचं काम नव्हे. फरक इतकाच, की हिरोजी पायरीवर नाव कोरू शकत होता.

कायद्याची भाषाही याच प्रयोजकापाशी येऊन थांबली आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम २(घ) मध्ये संगणकजनित कृतीचा कर्ता सांगितला तो असा : जी व्यक्ती ती कृती निर्माण करवते ती. अस्सल प्रयोजक रूप. तरीही २०२० मध्ये ‘सूर्यास्त’ नावाच्या चित्राच्या नोंदणीत ‘राघव’ या एआय प्रणालीचं नाव माणसाच्या जोडीने सहकर्ता म्हणून लागलं, आणि पुढच्या वर्षी ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस निघाली. अमेरिकेत उलट टोक. तिथल्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की एकटं यंत्रच कर्ता म्हणून दाखवलेल्या चित्राची नोंदणी होणार नाही. त्याआधी २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेतल्या कलास्पर्धेत एआय वापरून केलेलं एक चित्र डिजिटल गटात पहिलं आलं. करवणाऱ्याचं म्हणणं, किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलून दिला. तरी २०२३ मध्ये यंत्राने तयार केलेल्या भागावर हक्क नाकारला गेला. ६२४ वेळा ‘सांगितलं’ म्हणजे ‘काढलं’ होत नाही, असाच त्याचा अर्थ. इथे मात्र तो निर्णय जरा कोता वाटतो. सहाशे वेळा नाकारणं हीसुद्धा एक निवड आहे.

आता क्रियापद. ‘काढणे’ला माणूस लागतो हा आक्षेप टिकत नाही. आपण झेरॉक्स काढतो, प्रिंट काढतो, एक्स-रे काढतो. दूध, काटा, वर्गणी आणि खुद्द दिवाळी अंकही काढतो. प्राकृतातल्या ‘कड्ढ’पासून आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ ओढून बाहेर आणणं. ठिपक्यांच्या गोंधळातून पायरीपायरीने चित्र बाहेर आणणाऱ्या यंत्राला ते शब्दशः लागू पडतं, माणसापेक्षा जास्तच. हात सुचवणारी क्रियापदं निराळी आहेत : रेखाटणे, चितारणे, रंगवणे, गिरवणे. ती एआयला लावू नयेत. ‘एआयने रेखाटलेले’ हे सरळ चूक आहे, कारण तिथे रेघ ओढलीच गेलेली नाही.

‘बनवलेले’ सुचवणाऱ्यांनी जपून असावं. मराठीत पोळ्या करतात, घर बांधतात, कविता रचतात, चाल लावतात. सगळीकडे ‘बनवणे’ हा हिंदीच्या शेजाराचा परिणाम. शिवाय ‘त्याने मला बनवलं’ म्हणजे फसवलं. ‘बनावट’चीही तीच कथा : ‘भारतीय बनावटीची तोफ’ म्हणजे इथे घडलेली, पण ‘बनावट नोट’ म्हणजे खोटी. ‘बनावट चित्र’ हे दुसऱ्याच गुन्ह्याचं नाव आहे. तटस्थ शब्द हवा असेल तर ‘तयार केलेले’ पुरेसं आहे.

‘कलाकृती’वरचा वाद मात्र खरा आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’तला ‘कृत्रिम’ आणि ‘कलाकृती’तली ‘कृती’ ही एकाच ‘कृ’ धातूची भावंडं. ‘कृत्रिम’ म्हणजे मुळात करण्यातून निपजलेलं, इतकंच. मनुस्मृतीत बारा प्रकारच्या पुत्रांत ‘कृत्रिम’ नावाचा एक आहे आणि तो वारसा मिळणाऱ्या सहांत मोजलेला आहे. खोटेपणाचा वास नंतरचा : कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई. ‘कला’ही पूर्वी इतकी सोवळी नव्हती. चौसष्ट कलांच्या यादीत चित्र काढणं आहे, तसं माळा गुंफणं आहे आणि ‘यंत्रमातृका’, म्हणजे यंत्रं रचण्याची विद्याही आहे. त्या अर्थाने एआय घडवणारे अभियंते कलावंत ठरतात, एआय नव्हे! कसब या अर्थी ‘कला’ यंत्राला नाकारण्यात हशील नाही. ‘खरी कला’ म्हणणाऱ्यांना कसब नको असतं, त्यांना प्रतिभा हवी असते.

तिथे नवव्या शतकातल्या काश्मीरच्या काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचं एक वर्गीकरण आजही धारदार आहे. एका कवीचं काव्य दुसऱ्यासारखं दिसलं तर ते साम्य तीन प्रकारचं, असं ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, तो म्हणतो : प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन माणसांच्या चेहऱ्यांत असावं तसं. पहिल्याला स्वतःचा आत्मा नाही, दुसऱ्याचा तुच्छ आहे. तिसरं टाकायचं कारण नाही. एआयच्या चित्रांना ही चाळणी लावून पाहा. शिकवणीच्या साठ्यात एखादं चित्र वारंवार आलेलं असलं की प्रणाली कधीकधी ते जसंच्या तसं ओकते, हे प्रतिबिंब. ‘अमक्या चित्रकाराच्या शैलीत’ म्हणून मागितलेलं बहुतेक सगळं दुसऱ्या खणात पडतं. तिसऱ्या खणात जाणारी थोडी असतात, आणि त्यांच्यामागे शंभर नाकारून, जोडून, खोडून, वरून हाताने काम करणारा कोणी असतोच. म्हणून माझं मत : ‘कलाकृती’ शब्द वापरायला हरकत नाही, पण त्याआधी माणसाचं नाव लावता आलं पाहिजे. ते लावता येत नसेल तर ‘चित्र’ किंवा ‘प्रतिमा’ लिहावं.

तुमच्या श्रेयनामावलीसाठी. प्रॉम्प्ट देऊन आलेल्यांतलं एक निवडलं असेल तर : ‘मुखपृष्ठ : एआयकडून तयार करून घेतलेले चित्र, संकल्पना आणि निवड : (नाव)’. आलेल्या चित्रावर रंग, मांडणी, अक्षरं असं बरंच काम झालं असेल तर : ‘मुखपृष्ठ : (नाव), एआयच्या साहाय्याने’. ‘च्या साहाय्याने’ लिहिलं की ‘ने’ची संदिग्धता संपते, तो निखळ करण होतो. ‘एआयनिर्मित’ लिहायचंच असेल तर एक शब्द; आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता निर्मित’ असे तीन तुकडे करू नयेत, वाचणारा अडखळतो. ‘एआय चित्रकार : (नाव)’ नको, कारण चित्रकार एआय वापरतो की एआयच चित्रकार आहे ते कळत नाही. आणि मुखपृष्ठावरचा माणूस कितीही खरा दिसत असला तरी ‘छायाचित्र : एआय’ असं छापू नका. छायाचित्राला कोणावर तरी पडलेला उजेड लागतो.