कमाई हराम आणि हरामाची कमाई

दारव्ह्याजवळच्या एका गावातून एका तरुण वाचकाचं पत्र आलंय. त्याच्या मित्राला दारूच्या ठोक गोदामावर हिशेब लिहायची नोकरी मिळत होती. मित्राच्या अब्बांनी 'ती कमाई हराम आहे' म्हणून नको म्हटलं. वाचक विचारतो, 'मित्र दिवसभर राबणार, कोणाचा रुपया लुबाडणार नाही, मग त्याची कमाई हरामाची कशी? आणि हा शब्द मुळात आला कुठून?'

अब्बा 'कमाई हराम' म्हणाले. तुम्ही 'हरामाची कमाई' ऐकलं. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि सगळा घोटाळा तिथे आहे. लाच घेताना कोणी सापडला की दुसऱ्या दिवशी 'हरामाची कमाई' असा मथळा येतो. त्यातला अर्थ फुकटचा, न राबता खाल्लेला पैसा. तो मराठीपुरता ठीक आहे. पण तोच अर्थ उचलून मशिदीतल्या शब्दावर लादायचा आणि वर 'यांच्यात मेहनतीलाही हराम म्हणतात' असं बोलायचं, हे मी बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

शिवीचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. मूळ अरबी आहे. ह-र-म ही तीन व्यंजनं, आणि त्यांच्या पोटात 'मनाई' आहे. पण ही मनाई घाणीची नाही, कुंपणाची आहे. ज्याच्याभोवती कुंपण घातलंय ते हराम. म्हणून मक्केतल्या मशिदीचं नाव मस्जिद-अल-हराम. ती पवित्र, आणि तिच्याभोवतीच्या ठरलेल्या हद्दीत शिकार करायची नाही, झाड तोडायचं नाही. आपल्याकडच्या देवराईला हा शब्द चपखल बसला असता. हजला जाताना नेसतात तो एहराम, घरातला बायकांचा राखीव भाग तो हरम, लढाईला मनाई असलेल्या चार महिन्यांपैकी एक तो मोहरम. आपल्या गावागावांत डोले-सवाऱ्या निघतात तो हाच. सगळ्यांत गोड गंमत म्हणजे पत्राच्या मायन्यात लिहितात तो 'मोहतरम', म्हणजे आदरणीय, हाही याच घरचा. एकाच मुळातून एक शब्द मायन्यात बसला आणि दुसरा शिवीत गेला.

एका व्याख्यात्याने आमच्या तालुक्याच्या गावी भर मंडपात सांगितलं होतं की 'ज्यात राम नाही तो ह-राम'. टाळ्याही पडल्या. ही व्युत्पत्ती नव्हे, थाप आहे. संस्कृतात 'ह' लावून नकार होत नाही, आणि जो शब्द अरबस्तानात रामाचं नावही न ऐकलेल्या लोकांनी घडवला त्यात राम शोधायचा कशाला? दुसरे एक लेखक 'हलाल' म्हणजे 'हाल करून मारणे' असं लिहितात. तेही साफ चूक. कापण्याच्या क्रियेला जबह म्हणतात. 'हाल'चं मूळ ह-व-ल, 'हलाल'चं ह-ल-ल.

आणि हे ह-ल-ल तर मला फारच आवडतं. त्याचा मूळ अर्थ गाठ सोडणं. जे बांधलेलं नाही, मोकळं आहे, ते हलाल. काफिला मुक्कामाला आला की उंटावरच्या ओझ्याच्या गाठी सोडायचे, म्हणून मुक्कामाची जागा ती महल्ला, म्हणजे आपला मोहल्ला. आपण वऱ्हाडात बंडी सोडली म्हणतो, तेव्हा बैल जुवाखालून मोकळे करून मुक्काम केला असाच अर्थ असतो. अरबांनी उंट सोडले, आपण बंडी सोडली. महाल हाही तिथलाच, उतरायची जागा. नागपूरच्या महाल या भागातून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की त्या पाटीवरचा शब्द आणि मटणाच्या दुकानावरचा 'हलाल' एका मुळाचे आहेत?

मग कुंपणाचा शब्द मराठीत 'फुकटचा' कसा झाला? माझं मत असं की मराठीला हा शब्द मशिदीने दिला नाही, दरबाराने दिला. अचलपुरात १४९० च्या सुमारास इमादशाही उभी राहिली, पुढे मोगल आले, निजाम आला. या सगळ्या काळात फारसी शब्द आपल्याकडे उतरले ते जमाबंदीतून आणि फौजेतून. तिथे धन्याचं मीठ खाऊन चाकरी बजावली तो निमकहलाल, मीठ खाऊन उलटला किंवा चाकरी चुकवली तो निमकहराम. बखरींत हरामखोर म्हणतात तो फितूर, धन्याशी बेइमान झालेला. चाकरी न करता इनाम खाणारा त्याच पंगतीला बसला, आणि तिथून 'न राबता खाणारा' हा अर्थ फक्त एका पावलावर. उलट बाजूने पाहा. अकबराने झाडूवाल्यांना 'हलालखोर', म्हणजे हलालचं खाणारा, हे नाव रूढ केलं अशी नोंद त्याच्या दरबारातल्या अबुल फजलने केली आहे. म्हणजे दरबारात हलालचा काटा घामाकडे झुकलेला होताच. पुढे नेहरूंच्या 'आराम हराम है'ने त्यावर शिक्काच मारला. काही जाणकार म्हणतात की दोन्ही अर्थ शेवटी एकच, वाईट पैसा तो वाईट पैसा. मला हे अजिबात मान्य नाही. आणि माझा पुरावा व्याकरणात आहे.

'त्याची झोप हराम झाली' असं आपण म्हणतो. त्याला झोप फुकट मिळाली असा अर्थ कोणी घेतो का? झोपेला मनाई झाली, झोपेभोवती कुंपण पडलं. आता 'हरामाची झोप' म्हणून पाहा. लगेच बाजेवर लोळणारा आळशी डोळ्यांपुढे येतो. हराम हा शब्द विधेय म्हणून आला की मशिदीतला जुना अर्थ जिवंत राहतो, आणि षष्ठीचा 'चा-ची-चे' लागला की दरबारी अर्थ येतो. 'जिणं हराम केलं' आणि 'हरामाचं जिणं' यांतही तोच फरक.

आमच्या शेजारी एक पिंजारी चाचा होते. आमच्या गाद्या तेच भरून द्यायचे. पिंजणीची तात तुणतुण वाजायची, अंगणभर कापूस उडायचा, त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. एकदा जुनी गादी उसवताना आत पन्नासाची चुरगळलेली नोट निघाली. त्यांनी ती झटकली, आईच्या हातावर ठेवली आणि पुन्हा पिंजायला बसले. त्यांचा मुलगा एसटी स्टँडसमोर छत्री लावून लॉटरीची तिकिटं विकायचा. उन्हाळ्यात त्या जागी उभं राहवत नाही, हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचा. चाचा त्याच्या पैशाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'पोट्टा लय मेहनती हाय भाऊ, पर पैसा हराम हाय.' घामाचं माप पोराला, कुंपणाचं माप पैशाला. एका वाक्यात दोन्ही, आणि एकाचा दुसऱ्यावर डाग नाही.

चाचांचं गणित साधं होतं. कुराणात मैसिर म्हणजे जुगार दारूच्या जोडीनेच मना केलाय, मग तिकीट सरकारी असो की खासगी. कायद्याची बंदी आणि हराम ही वेगवेगळी खाती आहेत. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ ला उठली, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. वर्धा नदी ओलांडून यवतमाळातून चंद्रपुरात गेलं म्हणून अब्बांचं मत बदलत नाही.

तुमच्या मित्राच्या नोकरीबद्दल सांगायचं तर, दारूच्या बाबतीत पैगंबरांची एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे त्यांच्या नावे नोंदलेलं वचन, आहे. तीत दहा जणांवर लानत, म्हणजे शाप, आहे. गाळणारा, पिणारा, वाहून नेणारा, पाजणारा, विकणारा आणि तिची किंमत खाणाराही त्यांत येतो. अब्बांच्या मनात बहुधा तीच असणार. पण फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, वाद आहेत. दुसऱ्या धर्माच्या माणसाची दारू वाहून नेणाऱ्या हमालाची मजुरी इमाम अबू हनीफांनी चालते म्हटलं, तर त्यांच्याच दोन शिष्यांनी, अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी, ती मकरूह, म्हणजे नापसंत, ठरवली. व्याजाच्या बाबतीत घेणारा आणि देणारा यांच्याबरोबर लिहिणारा आणि साक्षीदारही हदीसमध्ये येतात, म्हणून बँकेतल्या कारकुनाचा प्रश्न निघतो. १९८५ ला जेद्द्याच्या फिकह अकादमीने बँकेचं व्याज रिबा, म्हणजे मनाई असलेलं व्याज, ठरवलं, २००२ ला कैरोच्या अल-अजहरच्या संशोधन मंडळाने बँकेत गुंतवलेल्या रकमेवरचा ठरावीक परतावा चालतो म्हटलं. भंडारा-गोंदियाकडे बिडीवर किती घरं चालतात ते आपण जाणतो. तंबाखू अरबांपर्यंत पोचलाच मुळी पैगंबरांनंतर हजारेक वर्षांनी, त्यामुळे कोणी त्याला हराम म्हणतं, कोणी मकरूह, कोणी मुबाह.

हे मधले शब्द मराठीने घेतलेच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मुबाह म्हणजे ज्याला हरकत नाही ते, मकरूह म्हणजे नापसंत, टाळलेलं बरं. आपण दोन टोकं उचलली आणि मधला सगळा धुरा, म्हणजे बांध, सोडून दिला. एका हदीसमध्ये तर हा धुराच आहे. हलाल उघड आहे, हराम उघड आहे, मधल्या गोष्टी संशयाच्या आहेत. त्यांत पडणारा माणूस राखीव कुरणाच्या कडेला ढोरं चारणाऱ्यासारखा, केव्हा आत शिरतील नेम नाही. धुऱ्यावर चारता चारता ढोर दुसऱ्याच्या तुरीत शिरलं आणि कोंडवाड्यात गेलं, हे ज्याने पाहिलंय त्याला याची टीप द्यावी लागत नाही.

तेव्हा अब्बांनी मुलाला चोर म्हटलेलं नाही, आळशी तर मुळीच नाही. गोदामातली हिशेबाची वही कुंपणाच्या आत येते की धुऱ्यावर, हे त्यांनी आणि त्यांच्या मौलानांनी ठरवायचं. त्यांच्याशी बोलायला जाल तेव्हा तुमच्या प्रश्नातला 'हरामाची' हा शब्द घरी ठेवून जा. 'ही नोकरी हराम की मकरूह?' एवढंच विचारा.