अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान नवीन असेल तर

ताई, ही मूळव्याध नाही आणि आयबीएसही (सूज-जखमा नसलेला आतड्याचा त्रास) नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा आहेत, आणि त्यामागे आपलीच प्रतिकारशक्ती आहे. तिखट खाऊन किंवा टेन्शन घेऊन तुम्ही हे ओढवून घेतलंत असं घरचे म्हणतील. मनावर घेऊ नका. औषधांनी हा आजार मुळापासून जात नाही, हे ऐकून रडू येतं, येऊ द्या. पण तो वर्षानुवर्षं शांत राहू शकतो.

खरी कसोटी गोळ्यांची. रक्त थांबलं, संडासच्या फेऱ्या कमी झाल्या की वाटतं, आता मेसालामाइन (आतड्याची सूज दाबून ठेवणारी रोजची गोळी) कशाला? अहो, बरं वाटतंय ते बहुधा त्या गोळीमुळेच! बंद केली की आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. स्टेरॉइडचं उलटं: ते फक्त भडका शमवायला. तेही एकदम थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

पथ्य प्रत्येकाचं वेगळं. भडक्यात मऊ भात-मुगाचं वरण, एरवी बहुतेकांना भाकरी-भाजी चालते. व्हॉट्सॲपवरचे काढे लांबच ठेवा.

सूज मोजायला कॅल्प्रोटेक्टिन ही शौचाची तपासणी असते, दर वेळी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) लागतेच असं नाही. साधारण 8 वर्षांनंतर मात्र कॅन्सरवर नजर ठेवायला ती ठरावीक काळाने करावी लागते. कॅन्सर ही आजची काळजी नव्हे. दिवसातून 6 किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.